थेरपी सुरू केल्यापासून शरीर जास्तच जाणवतंय. हे बरं होणं की बिघडणं?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. कुठे चुकत असेन तर सांगा.

वय चौतीस, पुण्यात आयटीतली नोकरी, नैराश्याचं निदान झालेलं. गोळी चालू आहे आणि तीन महिन्यांपासून थेरपीही. थेरपीच्या आधी "काहीच जाणवत नव्हतं". डबा तसाच परत यायचा, भूक लागल्याचं कळायचं नाही, लघवीला जायचंसुद्धा तासन् तास लक्षात यायचं नाही. आता नेमकं उलटं झालंय. रात्री आडवं झालं की छातीत धडधड, सकाळी पोटात गोळा, दिवसभर अंग जड. थेरपिस्टने घरी बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेत जायचं) करायला सांगितला, तर एक तर मानेखाली काही लागतच नाही, नाहीतर एकदम इतकं घाबरायला होतं की डोळे उघडावे लागतात. मनगटावरच्या घड्याळात सारखी पल्स बघायची सवय लागलीय. मैत्रीण म्हणते, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेच्या शिबिराला जाऊन ये. आणि या सगळ्याच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "थेरपीने मी बरी होतेय की आणखी आजारी?"

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षं नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करतेय. तुम्हाला मी पाहिलेलं नाही. त्यामुळे "हे नॉर्मल आहे, निश्चिंत राहा" असं छातीठोकपणे मी लिहिणार नाही, कोणी लिहिलं तर विश्वासही ठेवू नका. तुमच्या वर्णनावरून बिघडण्यापेक्षा सुधारण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण ते दोनतीन गोष्टींवर अवलंबून आहे. त्या पुढे येतीलच.

एक कंटाळवाणी गोष्ट आधी उरकून टाकू. धडधड आणि थकवा हे मनाचे असू शकतात तसेच थायरॉइडचे, कमी हिमोग्लोबिनचे किंवा बी-१२च्या कमतरतेचेही असू शकतात. या तपासण्या गेल्या सहाएक महिन्यांत झाल्या नसतील तर करून घ्या, धडधडीसाठी एक ईसीजीही काढा. जिना चढताना छातीत दुखणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, चक्कर येऊन पडणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. नैराश्याचं लेबल एकदा लागलं की रुग्णाच्या प्रत्येक शारीरिक तक्रारीला "टेन्शन आहे" म्हणून वाटेला लावायची वाईट खोड आपल्या व्यवस्थेला आहे. तुम्ही स्वतः तरी ती लावून घेऊ नका.

आता मूळ मुद्द्याकडे. शरीर कमी जाणवतंय की जास्त, यावरून तुम्ही प्रगती मोजताय. तीन महिन्यांपूर्वी शून्य होतं, आता खूप आहे, आणि जे आहे ते सुखाचं नाही, म्हणजे बिघडलं. माझ्या अनुभवात हे मोजमापच फसवं आहे. बऱ्या होत जाणाऱ्या माणसाला शरीर जास्त जाणवतं असं नाही, आणि कमी जाणवतं असंही नाही. संवेदना आल्यानंतरच्या पुढच्या काही क्षणांत आपण तिचं काय करतो, ते थेरपीने बदलतं. तिच्याकडे लक्ष कसं जातं, तिचा अर्थ काय लावला जातो आणि पुढे हातून काय घडतं, या तीन जागांवर मी रुग्णाची प्रगती बघते.

हे का म्हणते ते कळण्यासाठी थोडं शरीरशास्त्र लागेल. हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी, मूत्राशय यांच्याकडून मेंदूकडे सतत बातम्या जात असतात. पाठीच्या कण्यातून जातात, तशा व्हेगस नावाच्या मज्जातंतूतूनही. मेंदू शरीराला हुकूम सोडतो असं आपण शाळेत शिकतो, पण व्हेगसमधले बहुतांश तंतू उलट दिशेचे, शरीराकडून मेंदूकडे जाणारे असतात. या बातम्या मेंदूत जिथे पोचतात त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे इन्सुला. तिथेच "मला आत कसं वाटतंय" याचं चित्र तयार होतं, अशी मांडणी बड क्रेग या शास्त्रज्ञाने २००२ साली केली, आणि त्यानंतर या विषयावर संशोधनाचा ओघच सुरू झाला. आतल्या संवेदनांच्या या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात.

मात्र मेंदू नुसता बातम्यांची वाट बघत बसत नाही. तो आधीच अंदाज बांधून ठेवतो आणि आलेली बातमी त्या अंदाजाशी ताडून पाहतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो, पायरी नसते, आणि अख्खं अंग दचकतं. शरीराच्या आतल्या बाबतीत मेंदू हेच दिवसभर करतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर काही संशोधकांच्या मते नैराश्यात हे अंदाज घट्ट होऊन बसतात. "ताकद नाही, काही जमणार नाही, काही चांगलं लागणार नाही" हा अंदाज इतका पक्का होतो की शरीराकडून वेगळी बातमी आली तरी ती नोंदलीच जात नाही. ही एक मांडणी आहे, सिद्धान्त म्हणून अजून तिच्यावर वाद आहेत. पण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेली माणसं जे सांगतात त्याच्याशी ती बरीच जुळते.

तुमचं लघवीचं उदाहरण वाचून मला एक प्रयोग आठवला. हृदय, पोट आणि मूत्राशय यांच्या संवेदनांकडे लक्ष द्यायला सांगून काही अमेरिकन संशोधकांनी लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. नैराश्य असलेल्यांच्या इन्सुलात निरोगी लोकांपेक्षा कमी हालचाल दिसली. म्हणजे तुम्ही निष्काळजी नव्हता, भूक आणि लघवी यांचे निरोपच दबके येत होते. आळशीपणा म्हणून स्वतःला लावून घेतलेला तो ठपका आधी काढून टाका.

याची दुसरी बाजूही आहे. नैराश्यात शरीर बधिर होतं, तसंच ते बोंबही मारतं, पुष्कळदा एकाच माणसात. जागतिक आरोग्य संघटनेची १४ देशांतली एक मोठी पाहणी होती, भारतातून तिच्यात बंगळूरु होतं. तिच्यावर आधारलेला शोधनिबंध १९९९ साली आला. दवाखान्यात आलेल्या आणि नैराश्याचे निकष पुरे करणाऱ्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोकांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. मात्र मनाबद्दल थेट विचारल्यावर मानसिक लक्षणं नाकारणारे फक्त ११ टक्केच निघाले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात बायकांच्या "अंगावरून पांढरं जातं" या तक्रारीचा अभ्यास केला, तेव्हाही ती तक्रार नुसत्या संसर्गाने उलगडेना, मानसिक ताणाशी मात्र तिचं घट्ट नातं दिसलं. या बायका खोटं सांगत नव्हत्या. त्रास शरीरातच होत होता.

म्हणून "आधी काहीच नव्हतं आणि आता सगळं आहे" हे तुमचं वाक्य मी थोडं बदलून वाचते. आधीही अंग जड असणार, पोटात गोळा असणार. लक्ष तिथे पोचत नव्हतं, किंवा पोचलं तरी "मी अशीच आहे" म्हणून पुढे सरकत होतं. आता ते पोचतंय. मात्र पोचल्यावर काय करायचं हे अजून शिकलेलं नाही.

मोजमापाबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्या घड्याळाचा इथे संबंध आहे. आतल्या संवेदनांची अचूकता मोजायची सर्वांत वापरात असलेली चाचणी १९८१ साली रायनर शान्ड्री यांनी मांडली. नाडीला हात न लावता, नुसतं आत लक्ष देऊन ठरावीक वेळात हृदयाचे ठोके मोजायचे आणि ते यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायचे. या चाचणीवर नंतर बरीच टीका झाली. मुख्य आक्षेप असा की ज्याला आपली नाडी साधारण किती पडते ते माहीत आहे तो काहीही न जाणवता नुसत्या अंदाजाने चांगले गुण मिळवतो. दिवसभर पल्स बघणाऱ्या तुम्हाला ही चाचणी दिली तर तुम्ही कदाचित उत्तम पास व्हाल, शरीर जाणवत नसतानाही.

२००८ साली अनुभवी ध्यान करणाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं ध्यान करणारी ही माणसं ठोके ओळखण्यात इतरांपेक्षा सरस निघाली नाहीत. सेरा गार्फिंकल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली यातला गुंता बराच सोडवला. प्रत्यक्षात किती अचूक ओळखता येतं, आपल्याला किती जाणवतं असं वाटतं, आणि या दोहोंचा मेळ किती बसतो, या तीन वेगळ्या गोष्टी धरायच्या. एक वाढली म्हणजे दुसरी वाढलीच असं नाही. "मला खूप जाणवतंय" हे खरं असू शकतं, आणि जे जाणवतंय त्याचा लावलेला अर्थ साफ चुकीचाही असू शकतो. वुल्फ मेहलिंग यांच्या गटाने २०१२ साली ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली केली. तिच्यात नुसतं "जाणवतं का" एवढंच विचारलेलं नाही. दुखरी संवेदना आली की तुम्ही मन दुसरीकडे वळवता का, घाबरता का, लक्ष तिथे टिकवता येतं का, शरीरावर तुमचा विश्वास आहे का, असे आठ वेगवेगळे पैलू तिच्यात आहेत. क्लिनिकमध्ये मला ही विभागणी फार उपयोगी पडते. तुमच्यापुरतं बोलायचं तर जाणवणं वाढलंय, घाबरणंही वाढलंय, आणि विश्वास अजून जागचा हललेला नाही, असं मी वाचतेय.

आता थेरपी यात कुठे हात घालते ते बघू. सगळ्या थेरप्या एकाच दारातून शिरत नाहीत.

सर्वांत साधी, आणि माझी आवडती, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. हिच्यात शरीराकडे लक्ष द्या असं कोणी सांगत नाही. छोटी छोटी ठरलेली कामं करायची, मनाची वाट न बघता. गोव्यात संगाथ या संस्थेने 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाने हीच पद्धत वापरली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ सेशन घेतली. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य मर्यादेखाली आलं होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. त्या अभ्यासाने शरीराची जाणीव मोजलेली नव्हती. पण मी ही पद्धत वापरते तेव्हा एक भर घालते. काम करण्याआधी "अंगात किती ताकद आहे, झाल्यावर किती असेल" असा अंदाज शून्य ते दहामध्ये लिहायचा, आणि काम झाल्यावर खरोखर किती आहे तेही लिहायचं.

एक बँकेतले गृहस्थ होते (ओळखू येणार नाही इतके तपशील बदललेत). "चौकापर्यंत गेलो तरी गळून जाईन, दोनच्या वर ताकद उरणार नाही," हा त्यांचा रोजचा अंदाज. वहीत मात्र पाच, चार, पाच असं पडायला लागलं. थकवा गेला नव्हता. पण अंदाज आणि अनुभव यांतला फरक त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसला. पुढे ते सांगायला लागले की सकाळचा जडपणा आंघोळीनंतर थोडा हलतो, दुपारी चारच्या सुमारास परत येतो. "सगळं अंग, सगळा वेळ जड" इथून "या वेळी, या ठिकाणी, एवढं जड" इथवर ते आले होते, आणि तेही एकदाही डोळे मिटून न बसता. त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणालं नसतं की यांच्या शरीराच्या जाणिवेवर काम चाललंय.

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (सीबीटी) अर्थाच्या दारातून शिरते. पॅनिकच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णाला धडधड झाली की तो म्हणतो "मला अटॅक येतोय". नैराश्यातला माणूस बहुधा हे म्हणत नाही. त्याला अंग जड लागलं की तो म्हणतो "आजही माझ्याकडून काही होणार नाही, मी कामाचाच नाही". आधी नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये थोडासा थकवा किंवा किंचित उदासीसुद्धा जुन्या विचारांचं अख्खं जाळं जागं करते, असं मानसशास्त्रज्ञ जॉन टीसडेल यांनी मांडलं होतं. म्हणून सीबीटीमध्ये आम्ही संवेदना आणि तिच्यावर चिकटलेलं वाक्य वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला लावतो. "छाती धडधडते" एका रकान्यात, "मी यातून कधीच सुटणार नाही" दुसऱ्यात. पहिली गोष्ट शरीराने सांगितलेली आहे, दुसरी नाही.

तिसरं दार म्हणजे माइंडफुलनेसवर (आत्ता जे घडतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देण्यावर) आधारलेली कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे एमबीसीटी, आणि तुमचा बॉडी स्कॅन याच घराण्यातला. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि टीसडेल यांनी जॉन कबात-झिन यांच्या माइंडफुलनेस कार्यक्रमाचा आधार घेऊन हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती बऱ्याचदा राहून जाते. नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसाला ते परत येऊ नये म्हणून ही थेरपी बनवली गेली. पुरावाही तिथेच सर्वांत भक्कम आहे. २०१६ साली नऊ चाचण्यांतल्या १,२५८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांनी ही थेरपी घेतली त्यांच्यात पुन्हा आजार होण्याचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा साधारण ३१ टक्क्यांनी कमी निघाला. ऐन आजारात असलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात घरी एकट्याने चाळीस मिनिटांचा स्कॅन करायला लावणं ही वेगळी गोष्ट झाली. ती चूकच आहे असं मी म्हणत नाही, काहींना चालते. पण मी स्वतः सहसा तिथून सुरुवात करत नाही.

तरीही या दिशेच्या संशोधनाने एक मोलाची गोष्ट हाती दिली. टोरांटोत नॉर्मन फार्ब आणि सहकारी लोकांना दुःखी फिल्म क्लिप दाखवून त्यांचा मेंदू बघतात. २०१० सालच्या अभ्यासात, दुःख झालं की शरीराच्या संवेदनांशी संबंधित भाग दबतात असं दिसलं. माइंडफुलनेस शिकलेल्या लोकांत ते कमी दबत होते. पुढे याच गटाने नैराश्यातून बाहेर आलेल्या ८५ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. उदास होताना ज्यांच्यात हे भाग जास्त दबले, त्यांना आजार परत होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे दुःखाच्या क्षणी शरीराचं दार बंद करून डोक्यात शिरणं, आणि तिथे "माझंच असं का" हे दळत बसणं, हाच घातक भाग दिसतो. दीर्घ दुखणं आणि सोबत नैराश्य असलेल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासातही एमबीसीटीनंतर नैराश्य कमी होण्याचा धागा मेहलिंगच्या प्रश्नावलीतल्या नेमक्या एका पैलूशी जुळला, तो म्हणजे दुखऱ्या संवेदनेपासून मन न पळवणं.

सायकोडायनॅमिक (जुने अनुभव आणि नकळत दडलेले संघर्ष उलगडणाऱ्या) आणि भावनांवर भर देणाऱ्या थेरप्याही शरीराला हात घालतात. सेशनमध्ये वडिलांबद्दल बोलताना घशात आवंढा आला, तर तिथेच थांबून "आत्ता घशात काय होतंय?" असं विचारतात. त्यावर लिहायचं तर स्वतंत्र उत्तर लागेल.

इथवरचं थोडक्यात: नैराश्यात शरीराचे निरोप दबतात आणि बोंबही मारतात. प्रत्येक थेरपी वेगळ्या जागी काम करते, कुठे अंदाजावर, कुठे अर्थावर, कुठे पळून जाण्याच्या सवयीवर. मधल्या काळात अस्वस्थ करणाऱ्या संवेदना वाढल्यासारख्या वाटणं मी पुष्कळांत पाहिलंय.

मग तुमचा स्कॅन का बिघडतोय? दिवसभर शरीर इतकं जाणवतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही, हे तुम्हाला विचित्र वाटतंय. मला वाटत नाही. धडधड तुमच्या दारात येऊन उभी राहते, तिला शोधावं लागत नाही. पोटरी किंवा कोपर शोधायला जावं लागतं, आणि त्या वाटा बऱ्याच दिवसांत वापरलेल्या नाहीत. काही न जाणवणं हीसुद्धा स्कॅनमधली नोंदच आहे. "इथे काही लागत नाही" एवढं म्हणून पुढच्या भागाकडे जायचं, जाणवलंच पाहिजे म्हणून कुरतडत बसायचं नाही.

घाबरायला होतं ते मात्र मी गांभीर्याने घेते. डोळे मिटून, आडवं पडून, छाती-पोटाकडे लक्ष नेणं काहींना सोसत नाही, विशेषतः पूर्वी मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात किंवा अवघड बाळंतपण असं काही शरीरावर घडून गेलं असेल तर. तुमच्या बाबतीत असं काही आहे का हे मी इथे विचारत नाही आणि तुम्ही इथे सांगूही नका. थेरपिस्टला मात्र सांगा. अशा वेळी स्कॅनचा हट्ट धरून काहीही सिद्ध होत नाही.

मी माझ्या रुग्णांना याऐवजी काय देते ते सांगते, तुमच्या थेरपिस्टला विचारून बघा. छाती आणि पोट सध्या सोडा. डोळे उघडे ठेवून, खुर्चीत बसून, तळपायाखालची फरशी. गार आहे का, टाच जास्त टेकलीय की चवडा. किंवा चहाचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून त्याची धग कुठे जास्त लागते ते बघणं. दोनतीन मिनिटं, बास. मध्येच भीती वाढली तर लक्ष बाहेर न्यायचं, पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, आणि मग परत तळपायाकडे. लक्ष नेता येतं आणि काढूनही घेता येतं हे एकदा अंगवळणी पडलं की छातीकडे जायची भीती पुष्कळ उतरते. बसवतच नसेल तर चालताना करा.

आणि ठोक्यांपेक्षा भुकेपासून सुरुवात करा. यावर माझा फार भर असतो. जेवणाची वेळ घड्याळाने ठरवा, भुकेची वाट बघू नका, कारण तिचा निरोप सध्या भरवशाचा नाही. जेवणाआधी आणि नंतर फक्त एक आकडा लिहा, पोट किती रिकामं किंवा भरलेलं वाटतं. लघवीचंही तसंच, दर दोनतीन तासांनी उठून जायचं आणि जाताना विचारायचं, खरंच लागली होती का. धडधडीचं नक्की काय करायचं हे कोणालाच चटकन सांगता येत नाही. भुकेचं मात्र काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं: जेवायचं. संवेदना आली, ओळखली, तिच्यावर काहीतरी केलं आणि ती शमली, असा पूर्ण फेरा दिवसातून काही वेळा घडला की शरीरावरचा विश्वास तिथून परत यायला लागतो.

घड्याळ काढून ठेवा. निदान रात्री तरी. आकडा बघितला की क्षणभर बरं वाटतं आणि म्हणूनच पुन्हा बघावंसं वाटतं. शिवाय धडधड सुरू झाली, वाढली, उतरली, हे सगळं अंगात घडताना अनुभवायची संधी तो आकडा हिरावून घेतो. ईसीजी बिनधोक आला असेल तर रात्री बाराला पल्स ९२ आहे की ८८ यावरून तुमचा कोणताही निर्णय बदलणार नाही.

गोळीबद्दल एवढंच सांगते की नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, घाम, बेचैनी होऊ शकते, आणि काहींना पुढे भावना सपाट झाल्यासारख्या वाटतात. धडधड सुरू झाली ती तारीख आणि गोळीचा डोस बदलल्याची तारीख शेजारीशेजारी लिहून तुमच्या सायकिॲट्रिस्टना दाखवा. स्वतःहून गोळी बंद करू नका, डोस चुकवूनही चक्कर आणि झिणझिण्या येतात.

इगतपुरी. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं धम्मगिरी केंद्र १९७६पासून चालू आहे, आणि तिथून फायदा झालेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत. पण ते काय आहे ते समजून घ्या. दहा दिवस मौन, फोन जमा, दिवसाला साधारण दहा तास बसणं. पहिले साडेतीन दिवस श्वासावर आणि मग पुढे सबंध वेळ अंगभर संवेदना बघत जायचं. म्हणजे जो स्कॅन तुम्हाला घरी काही मिनिटं सोसत नाही, तोच दिवसभर, ओळखीचं माणूस जवळ नसताना. हा नैराश्याचा उपचार नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी आपलं शिबिर नाही हे केंद्रं स्वतःच सांगतात. अर्जात आजार आणि औषधं विचारलेली असतात, ती लपवून जाणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचं पुढे काय झालं तेही पाहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. बरं होऊन काही महिने स्थिर गेले आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर तेव्हा विचार करा. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, तिच्याशी भांडू नका.

बिघडतंय हे कसं ओळखायचं? संवेदना येऊन जात असतील, त्यांना जागा आणि वेळ असेल, "आज आईशी बोलल्यावर पोटात गोळा आला" असा त्यांचा कशाशी तरी संबंध लागायला लागला असेल, मधूनच एखादी सुखाची संवेदनाही डोकावत असेल (गरम पाणी, वरण-भाताची चव), तर अवघड असलं तरी गाडी बरोबर चाललीय. उलट दिवसाचा मोठा भाग शरीर तपासण्यात आणि गूगल करण्यात जात असेल, धडधडीच्या भीतीने बाहेर जाणं बंद झालं असेल, स्कॅननंतर तासन् तास आपण इथे नाहीच असं वाटत असेल, झोप पार उडाली असेल, तर स्कॅन थांबवा आणि पुढच्या सेशनची वाट न बघता थेरपिस्टला फोन करा. जीव नकोसा वाटला तर लगेच कोणाला तरी सोबत बोलवा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या सेशनला जाताना आठवडाभराचा एक कागद घेऊन जा. तीन रकाने पुरेत: अंगात काय जाणवलं, त्यावर मनात काय आलं, मग मी काय केलं. आणि स्कॅनची भीती वाटते हे त्यांना स्पष्ट सांगा. तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की हे तुम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथे अनोळखी लोकांना आधी सांगितलंत. चांगला थेरपिस्ट हे ऐकून पद्धत बदलेल, वेळ कमी करेल, कदाचित सेशनमध्येच तुमच्याबरोबर करून बघेल. "होतं असं, करत राहा" एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा, का करत राहायचं आणि कशासाठी. दुसऱ्यांदाही तेच ऐकायला मिळालं तर दुसऱ्या एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का एवढं आधी बघा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, आम्हाला त्याची सवय असते.